कॉर्नब्रेड पहिल्यांदा करताय? या चुका टाळा

कॉर्नब्रेडचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या ब्रेडचं, निम्मं नशीब दुकानातच ठरतं. 'कॉर्नफ्लोअर द्या' म्हटलं की हातात येते ती पांढरीशुभ्र, बोटांत दाबल्यावर करकरणारी पावडर. तो मक्याचा स्टार्च. मंचुरियनची ग्रेव्ही दाट करायला ठीक. त्याचा ब्रेड केला तर रबरासारखी चिवट वडी होते. आपल्याला हवं ते अख्ख्या पिवळ्या मक्याचं पीठ, तेही बारीक रव्याइतकं जाडसर.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मका आणून गिरणीत देणार असाल तर 'भाकरीला नको, रव्यासारखं काढा' हे आधीच सांगा. ज्वारीसारखं मऊ दळून आलं तर ब्रेड आत पिठूळ, गिच्च राहतो. किलोभरासाठी जातं सैल करायला गिरणीवाला सहसा नाखूश असतो. मग घरचं बारीक पीठ आणि विकतचा मक्याचा रवा निम्मा-निम्मा मिसळा, काम भागतं. दळण थोडंच आणा. मक्याच्या अंकुरात तेल असतं, त्यामुळे पीठ लवकर खवट होतं. चिमूटभर जिभेवर ठेवा; कडवट लागलं तर ते पीठ वापरू नका, भाजल्यावर तो कडूपणा जात नाही.

२० सेंमीच्या भांड्यासाठी माप असं: मक्याचं पीठ १५० ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, ताक २५० मिली, अंडी २, वितळलेलं लोणी ६० ग्रॅम, किसलेला गूळ ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, खायचा सोडा अर्धा, मीठ पाऊण. मैदा वगळू नका. मक्यात ग्लुटेन नसतं; पहिल्याच खेपेला नुसत्या मक्याचा ब्रेड करायला गेलात तर कापताना त्याचा भुगा होतो.

आता क्रम, कारण इथे बरेच जण घसरतात. मक्याचं पीठ आणि गूळ ताकात कालवून १५ मिनिटं ठेवा, म्हणजे दाणा भिजतो आणि दाताखाली कचकच येत नाही. पण सोडा यात अजिबात नको. ताकाचा आंबटपणा लागताक्षणी सोड्याचे बुडबुडे सुटतात, आणि भिजेपर्यंत त्याचा जोर संपून जातो. सोडा, पावडर, मीठ मैद्यात चाळून ठेवा आणि ओव्हन तापल्यावरच ताकाच्या मिश्रणात अंडी आणि लोणी घालून दोन्ही एकत्र करा. पंधरा-वीस वेळा ढवळलं की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी हरकत नाही. फेटत बसलात तर मैदा चिवट होतो आणि ब्रेडमध्ये उभी भुयारं पडतात. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं असावं.

ताक म्हणजे जेवणानंतर प्यायचं पाणीदार ताक नव्हे. म्हशीच्या दुधाचं १८० ग्रॅम दही आणि ७० मिली पाणी घुसळा. ते फ्रिजमधलं गार असेल तर वितळलेलं लोणी त्यात पडताच त्याच्या गोळ्या होतात.

कोल्हापुरात गूळ घालायला कोण नको म्हणेल? अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र पारंपरिक कॉर्नब्रेड बिनसाखरेचाच आवडीने खातात. गूळ कमी केला तरी चालेल, वाढवू नका. वरची बाजू आतल्या आधी करपते. कांदा-लसूण चटणी घालायची असेल तर एक लहान चमचा पुरे, आणि तेवढं मीठ कमी करा.

बुडाला खरपूस कवच हवं असेल तर बिडाची कढई किंवा खोलगट तवा ओव्हनबरोबरच तापवा. चमचाभर तूप सोडून मिश्रण ओतताना चर्र आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर भांडं तापलेलं नाही. ब्रेड तळाला चिकटणार.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, २०० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं आधी लावा, दोन्ही कॉइल सुरू ठेवून. लहान ओटीजीत वरची कॉइल ब्रेडच्या अगदी डोक्यावर येते, म्हणून जाळी खालच्या खाचेत घ्या. २० ते २५ मिनिटं लागतात. १२ मिनिटं होईपर्यंत दार उघडू नका. रंग लवकर चढला तर वर फॉइल टाका. नुसत्या मायक्रोवेव्हवर कवच येत नाही. कुकरमध्ये करायचा तर शिटी आणि रबर काढून, तळाला मीठ पसरून, मंद आचेवर ४० मिनिटांच्या आसपास. वरचा भाग फिकाच राहील.

मध्यभागी काडी घालून बघा. ओलं पीठ लागलं तर अजून ५ मिनिटं. मधोमध खड्डा पडला तर दार लवकर उघडलं गेलं किंवा सोडा जास्त झाला. साबणासारखी चव आली तर सोडा नक्कीच जास्त झाला. फुगलाच नाही तर बेकिंग पावडर जुनी असेल: चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, फसफसली नाही तर नवा डबा आणा.

काढल्यावर १५ मिनिटं सुरी लावू नका. गरम असताना कापलेला ब्रेड चुरा होतो, आणि चुरा तांबड्या रश्श्यात बुडवता येत नाही.