सीपीयू निवांत, तरी मेलची रांग वाढतेय

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची रांग वाढत होती, पण टॉप (मशीनवरचा भार दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर सीपीयू निवांत, रॅमही मोकळी! म्हणजे स्पॅम ओळखणारा स्पॅमअ‍ॅसॅसिन कोणाची तरी वाट बघत बसला होता. डीबग मोडमध्ये एक मेल तपासला. ब्लॅकलिस्टच्या (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या, ज्यांना डीएनएसमधून विचारलं जातं) डीएनएस चौकशा उत्तराविना लटकलेल्या. आरबीएल (म्हणजे याच ब्लॅकलिस्ट) टाइमआउट मुळात १५ सेकंदांचा, त्यामुळे मेलमागून मेल खोळंबत होता. काही याद्या केव्हाच बंद पडलेल्या, त्या काढल्या. शिवाय आमचा सर्व्हर सार्वजनिक डीएनएसला विचारत होता, आणि बऱ्याच याद्या तिथून आलेल्या चौकश्या नाकारतात. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवला, फॉरवर्डिंग (चौकशी दुसऱ्या डीएनएसकडे ढकलणं) न ठेवता (नाहीतर चौकशी पुन्हा तिथेच जाते), आणि डीएनएस १२७.०.०.१ (म्हणजे हेच मशीन) केला. जेवणाच्या सुट्टीआधी रांग रिकामी. चाइल्ड प्रोसेस (एकाच वेळी मेल तपासणाऱ्या प्रती) वाढवायचा सल्ला सगळे देतात. इथे त्याने नुसती रॅम खाल्ली असती.