घरचा माणूस फौजेत असला तर फोन अन् तोंड कसं सांभाळायचं

आमच्या नागपूरकडं कामठीची लष्करी छावणी अन् हवाई दलाचं वायुसेनानगर दोन्ही, म्हणून घरोघरी कोणी ना कोणी फौजेत असतेच. टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड अशा शिक्क्यांचे कागद तर ऑफिसातच राह्यतात, ते घरी आणायचेच नाही न त्यांचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही, 1923 चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट अजून लागू आहे भाऊ. पण गोची होते ती घरच्यांच्या हातून.

परवा तर्री पोहे खाताना बाजूच्या वहिनी फोनवर जोरजोरात सांगून राहिल्या होत्या, यांची युनिट मंगळवारी निघते, अमक्या गाडीनं, इतके जण, अख्खा ठेला ऐकत होता! तारीख, गाडी, ठिकाण, किती जण, हे चार बोलायचेच नाही, "ड्युटीवर गेले" इतकं पुरे.

फोटो टाकायच्या आधी माणसाच्या मागं पहा, भिंतीवर नकाशा, ड्युटीचा चार्ट, गाडीचा नंबर काही दिसते का. कॅमेऱ्याचं लोकेशन बंदच ठेवा. 2020 मध्ये आर्मीनं जवानांना फेसबुक, इन्स्टासकट 89 अ‍ॅप काढायला लावले ते उगाच नाही. अन् अनोळखी पोरीची गोड रिक्वेस्ट आली, दोन दिवसांत "पोस्टिंग कुठं जी?" विचारलं, तर उत्तर देत बसू नका, स्क्रीनशॉट काढून सरळ युनिटात सांगा.