सहा कालवं, साडेतीन हजार: ऑयस्टर बारला जायचं तर असं जा

ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, हे आधीच सांगून टाकतो कारण आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या पब्लिकला ऑयस्टर म्हणजे तिसऱ्या वाटतात. तिसऱ्या वाळूत-चिखलात सापडतात, कालवं खडपाला चिकटून बसतात आणि काढताना हात सोलवटतात. माझी आई देवगडची, तिनं लहानपणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जाऊन पाट्याच्या पाट्या कालवं फोडलेली, म्हणून तिच्या साठाव्या वाढदिवसाला मी तिला मुद्दाम दक्षिण मुंबईतल्या एका भारी हॉटेलात घेऊन गेलो, जिथे ती बर्फावर मांडून कच्ची देतात. तेव्हापासून सगळे विचारतात की पैसे वसूल होतात का रे. माझं उत्तर, एकदा जावं, माणशी सहाच घ्यावीत, आणि जायच्या आधी घरी दोन पोळ्या खाऊन निघावं.

पोळ्यांचं गमतीत नाही सांगत, हिशोबच करून बघा. मुंबईत अशा ठिकाणी बहुतेक वेळा फ्रान्सची फीन द क्लेर मिळतात, तिकडे किनाऱ्यालगतच्या उथळ तळ्यांमध्ये शेवटचे काही आठवडे ठेवलेली. त्यांचे नंबर असतात आणि ते उलटे असतात, म्हणजे नंबर ५ सगळ्यात बारीक आणि आकडा जितका लहान तितकं कालव मोठं. मेनूवर बहुतेक नंबर ३ असतं, शिंपल्यासकट ६६ ते ८५ ग्रॅम. त्यातलं मांस किती, तर फीन द क्लेरला साडेसहा ते साडेदहा टक्के असतं, म्हणजे एका नगात ४ ते ९ ग्रॅम. सहांचं मिळून धरा ४० ग्रॅम, अर्धा बटाटावडा. आम्ही गेलो तेव्हा नग ४५० ला होता, सहाचे २७००, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला आणि मोठ्या हॉटेलातला १८ टक्के जीएसटी, झाले साडेतीन हजार. सर्व्हिस चार्ज मात्र काढायला सांगता येतो, ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की तो जबरदस्तीनं लावायचा नाही, तेव्हा लाजू नका. आमचा काढला, पण मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग एवढे पैसे कशाचे? माझ्या मते विमानाचे आणि पाण्याचे, आणि पाण्याचे जास्त. कालव बसल्या जागी पाणी गाळून खातं, परिस्थिती चांगली असेल तर एक मोठं कालव दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी गाळतं, म्हणजे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात आणि तिथून तुमच्या. आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला कुठले नाले येऊन मिळतात ते तुम्हाला मी काय सांगणार, त्यामुळे वरळीच्या किंवा बँडस्टँडच्या खडपावरची कालवं कच्ची खायचा विचार स्वप्नातही आणू नका. परदेशात ती तपासलेल्या पाण्यात वाढवतात, काही ठिकाणी नंतर स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवून पोट साफ करवतात. त्यानं बॅक्टेरिया बरेच कमी होतात, काही व्हायरस तरीही राहू शकतात, तेव्हा शंभर टक्के सेफ असं कच्चं कालव नसतंच. लिंबू पिळलं, टबॅस्कोचा तिखट सॉस मारला किंवा वर व्होडका घेतली की जंतू मरतात हे साफ खोटं. लिव्हरचा त्रास, डायबिटीस, गरोदरपण, कीमो चालू असणं, यातलं काही असेल तर कच्चं नकोच, भाजलेली मागवा, सरळ मिळतात.

जायच्या आधी फोन करा. विचारायचं एकच, माल कधी आला. आणि टेबलावर बसल्यावर पेटीवरची पॅकिंगची तारीख विचारली तरी चालते, चांगल्या ठिकाणी कोणी तोंड वाकडं करत नाही आणि केलंच तर सूप पिऊन घरी या. इंग्रजीत र असलेल्या महिन्यांतच ऑयस्टर खावेत असा जुना नियम आहे, म्हणजे मे ते ऑगस्ट बंद, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा आणि त्यांचा वीण घालायचा काळ, कालव दुधाळ आणि मऊ पडतं. आता वीण न घालणारी जातही पाळतात, बिनबियांच्या द्राक्षांसारखी, त्यामुळे वर्षभर मिळतात, तरी मी मे महिन्याच्या उकाड्यात जाणार नाही.

आता खायचं कसं. प्लेट येते तेव्हा वाटीसारखी खोल बाजू खाली हवी आणि आत पाणी हवं, ते त्याचंच समुद्राचं पाणी, ते ओतून टाकलं की निम्मी मजा गेली. वास समुद्राचा यायला हवा, भाऊच्या धक्क्यावरच्या दुपारचा नाही. पहिलं कालव नुसतं खा. छोट्या काट्यानं खालून सुटं झालंय का बघा, शिंपला ओठाला लावा, पाण्यासकट तोंडात घ्या आणि चावा, दोन-तीनदा तरी. सरळ गिळायचं असतं असं कोणीतरी पसरवून ठेवलंय, गिळलंत तर ४५० रुपयांचं खारट पाणी प्यायलात एवढंच. चावल्यावर आधी खारट, मग गोडसर, आणि मागे काकडीसारखं काहीतरी लागतं. दुसऱ्यावर लिंबाचे दोन थेंब. तिसऱ्यावर ती व्हिनेगर, बारीक कांदा आणि मिरीची चटणी, मिन्योनेत म्हणतात, पण अर्धा चमचाच. उरलेली तीन जशी आवडली तशी. सोबत शॅब्ली नावाची वाईन सुचवतील, तिथल्या द्राक्षमळ्यांच्या मातीत खरोखरच कालवांच्या जातीचे जुने जीवाश्म सापडतात, पण बिल दुप्पट होईल. नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ ग्लासभर घ्या, काही बिघडत नाही.

आमच्या प्लेटमध्ये दुसऱ्याच नगात लोचा होता. मला काही कळलं नव्हतं, मी लिंबू पिळायच्या तयारीत, आईनं माझा हात धरला. "ह्येतला पाणी खंय गेला रे?" शिंपला कोरडा, आणि मधली पोटाची पिशवी चिरलेली, सुरी आत जास्त गेली होती. ती आधीपासून काउंटरवरच्या पोराच्या हाताकडेच बघत होती, तो बिजागरीत सुरी घालून मनगट फिरवत होता, आईच्या गावी कोयतीनं वरून ठोका देऊन फोडायचे. तिनं त्याला बोलावलं आणि म्हणाली, बाळा, ह्या फाटला, दुसरा दी. पोरगा निघाला रत्नागिरीचा! त्यानं निमूट बदलून दिलं आणि वर एक जास्तीचंही ठेवलं. तेव्हा कोरडं, फाटलेलं किंवा वास मारणारं आलं तर परत पाठवा, हा तुमचा हक्क आहे. तोंडात शिंपल्याची कच आली तर ती तक्रार नाही, ती थुंकायची.

एवढं भारावूनही जाऊ नका. एकोणिसाव्या शतकात लंडन-न्यूयॉर्कमध्ये हे हातगाडीवर मिळायचं, गरिबांचं खाणं, आपल्या वडापावसारखं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनातला ऑयस्टर बार १९१३ मध्ये सुरू झाला, सीएसएमटीच्या पोटात असावा तसा, लोक ट्रेनच्या आधी खाऊन जातात.

आणि चव? आईनं सहाही संपवली, नॅपकिननं तोंड पुसलं आणि म्हणाली, चांगली हत, पण पोटाक काय. दुसऱ्या दिवशी मार्केटात कोळीण मावशीकडून सोललेली कालवं आणली. घरी ती दोनदा धुवायची, कच बोटानं चाचपून काढायची, मग कांदा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, दोन कोकमं. कालवांना पाणी सुटतं म्हणून वरून पाणी घालायचं नाही, पण आतपर्यंत नीट शिजू द्यायची, पाणी कुठलं ते आपल्याला माहीत नसतं. आईनं हॉटेलातून चार रिकामे शिंपले रुमालात बांधून आणले होते, ते आता गॅलरीत तुळशीच्या कुंडीत आहेत.