प्रदर्शनाचा खर्च बजेटबाहेर दिसायचा, तेव्हा

आमच्या कलासंग्रहालयात प्रत्येक मोठं प्रदर्शन हिशेबात तोट्यात दिसायचं. चित्रं पाठवायच्या पेट्या, वाहतूक, विमा यांची बिलं उद्घाटनाच्या कितीतरी आधी येतात, तिकिटांचे पैसे नंतर, आणि मध्येच आर्थिक वर्ष बदलतं. मी प्रत्येक प्रदर्शनाला कोड दिला आणि तो खरेदी-ऑर्डरवरच लिहायला लावला. आगाऊ दिलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवले. उसन्या चित्राचा विमा सहसा मालकाच्या भिंतीवरून चित्र उतरल्यापासून परत तिथे टांगेपर्यंत असतो, म्हणून त्याचा हप्ता दिवसांच्या प्रमाणात दोन्ही वर्षांत विभागला. चित्रांच्या जतनासाठीच मिळालेली देणगी वीजबिलाला वापरता येत नाही. तिचा रकाना स्वतंत्र, आणि याबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. आता क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारे, आपल्या प्रदर्शनाची शिल्लक दर महिन्याला स्वतःच बघतात.