चिकटवहीतले खासगी लेखन झाकताना

गणपतीतला फोटो सर्वांनी पाहावा, पण त्यामागचे मनोगत आपल्यापुरतेच राहावे, असे वाटत असेल तर फोटोच्या तीनच कडा चिकटवून वरची कड मोकळी ठेवावी आणि त्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी सरकवावी. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत डिंक सुटतो व शाईचे अक्षर फुटते. म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि पेन्सिल बरी. मजकुरावर ॲक्रिलिक रंगाचा हात मारायचा असल्यास बॉलपेन टाळावे, कारण दाबून लिहिलेल्या अक्षरांचे चरे रंगाखालूनही तिरप्या उजेडात वाचता येतात. माझ्या धाकट्या बहिणीने खिडकीशी पान धरून माझी अख्खी ओळ वाचली होती. मोडी येत असेल तर उत्तमच. ती वाचणारे घरात आता क्वचितच असतात.