ग्रँटमधले रॅट आणि फॉर्म बी मधले रॅट जुळवायचे कसे

रिसर्च ग्रँटचं सँक्शन लेटर आलं की आधी पेढे वाटले जातात, मग मेल येतो की आयएईसीचं (संस्थेतल्या प्राणी-प्रयोगांना परवानगी देणारी एथिक्स कमिटी) अप्रूव्हल अपलोड करा, आणि मग लोक काय करतात तर कॉम्प्युटरवर जे अप्रूव्हल सापडेल ते, टायटल साधारण सारखं दिसतंय ना, म्हणून चिकटवून मोकळे होतात. मी एका फार्मसी कॉलेजात आयएईसीची कागदपत्रं सांभाळतो, अ‍ॅनिमल हाऊस छोटंच, रॅट-माईस आणि थोडे ससे, तर अनुभवाने सांगतो, टायटल जुळलं म्हणजे प्रपोजल आणि अप्रूव्हलमधलं काहीही जुळलेलं नसतं. आमच्याकडे एकदा टायटल अक्षरशः शब्दाला शब्द सारखं होतं, पण प्रपोजलमध्ये ७२ रॅट आणि अप्रूव्हलमध्ये ४८, कारण फॉर्म बी (आयएईसीकडे परवानगीसाठी भरायचा अर्ज) आधीच्या एका विद्यार्थ्याच्या थिसिसवरून उचललेला. कळलं कधी, तर दुसऱ्या वर्षी रॅट मागवायला गेलो आणि रजिस्टरमध्ये ४८ कधीच संपलेले.

आता करायचं कसं ते. आधी दोन्हीकडचे खरे कागद गोळा करा. प्रपोजल म्हणजे पहिल्यांदा पाठवलेलं नाही, मंजूर झालेलं, कारण पैसे देणाऱ्या एजन्सीची कमिटी बऱ्याचदा एखादं ऑब्जेक्टिव्हच उडवते किंवा बजेट कापते आणि पीआयच्या (प्रकल्पाचा मुख्य संशोधक) कॉम्प्युटरवर जुनीच फाईल असते. प्रोटोकॉल म्हणजे नुसतं अप्रूव्हल लेटर नाही, त्यामागचा पूर्ण फॉर्म बी, त्या मीटिंगचे मिनिट्स आणि नंतरच्या सगळ्या अमेंडमेंट (मंजुरीनंतर करून घेतलेले बदल). आयएईसीने १० चा ग्रुप ८ वर आणायला सांगितलेला असतो, ते मिनिट्समध्ये असतं आणि फॉर्म बी वर जुना आकडा तसाच, हे सर्रास होतं.

मग प्रपोजल वाचायला घ्या, पण बजेटपासून. हसू नका, ऑब्जेक्टिव्हमध्ये लोक मोघम लिहितात, "इन व्हिवो मूल्यमापन करण्यात येईल" वगैरे, पण कन्झ्युमेबल्समध्ये किती रॅट, काय दराने, हे लिहावंच लागतं, आणि तिथेच कधीकधी न्यूड माईस (बिनकेसांचे, प्रतिकारशक्ती कमी असलेले उंदीर) निघतात ज्यांचा प्रोटोकॉलमध्ये पत्ताच नसतो. त्यानंतर मेथड्स, मग टाइमलाइनचा तक्ता.

हे वाचताना एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक ओळीत एक प्रयोग (एक ऑब्जेक्टिव्ह नाही, एका ऑब्जेक्टिव्हमध्ये तीन प्रयोग असू शकतात), आणि पुढे प्राणी कुठला, स्ट्रेन (त्यातली जात), नर की मादी, ग्रुप किती, ग्रुपमध्ये किती, औषध कुठल्या मार्गाने आणि किती दिवस, रक्त कुठून घेणार, भूल कशाने, शेवट कसा करणार. प्रत्येक गोष्टीला दोन रकाने, प्रपोजल काय म्हणतं आणि प्रोटोकॉल काय म्हणतो, पान नंबरासकट. पान नंबर टाकायचा कंटाळा करू नका, सहा महिन्यांनी तुम्हालाच लागतो.

उदाहरण देतो. समजा डायबेटिक न्यूरोपथीचं (डायबेटिसमुळे नसांना होणारी इजा) काम आहे, स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन रॅट डायबेटिक करायचे. प्रपोजलमध्ये विस्टार स्ट्रेनचे रॅट, ६ ग्रुप, प्रत्येकी ८, म्हणजे ४८. प्रोटोकॉलमध्ये पण ४८. जुळलं? थांबा. स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर काही रॅट डायबेटिक होतच नाहीत आणि काही मरतात, त्यासाठी जादा कुणी धरलेत का दोन्हीकडे? शिवाय प्रपोजलच्या तिसऱ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये फार्माकोकायनेटिक्स (औषध रक्तात किती आणि किती वेळ राहतं ते बघणं) आहे, डोळ्यामागून वारंवार रक्त घ्यायचं, आणि प्रोटोकॉलमध्ये फक्त शेपटीच्या शिरेतून एकदा शुगर बघायला. आकडा जुळला, प्रयोग नाही जुळला. कमिटीने जी वेदना पाहून परवानगी दिली ती वेगळीच होती, आणि सगळ्या भानगडीचा मुद्दा खरं तर तोच आहे.

एक लक्षात ठेवा, जुळणी एकाच दिशेने बघायची. प्रपोजलमधला प्रत्येक प्राणी-प्रयोग कुठल्या ना कुठल्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये सापडला पाहिजे. प्रोटोकॉलमध्ये जास्तीचं काही असेल तर चालतं, एका ग्रँटला दोन प्रोटोकॉल लागले तरी चालतं, पण मग एकाच प्रोटोकॉलवर दोन ग्रँट टेकवलेत का तेही बघा, नाहीतर तेच ४८ रॅट दोन्हीकडे मोजले जातात.

फरक निघाला तर? प्रोटोकॉल कमी पडत असेल तर अमेंडमेंट टाका आणि मंजुरी येईपर्यंत तो भाग सुरू करू नका, बस. आयएईसीनेच प्राणी कमी केले असतील तर एजन्सीला लेखी कळवा, स्टॅटिस्टिक्सचं गणित बदलत असेल तर तेही लिहा. प्राणीच बदलायचा असेल, म्हणजे माईसच्या जागी रॅट, तर आयएईसी आणि एजन्सी, दोन्ही दारं ठोठावायची. अमेरिकेच्या एनआयएचचा (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) पैसा असेल तर तिथे एका अ‍ॅनिमल मॉडेलच्या जागी दुसरं घेणं हे कामाची व्याप्ती बदलल्याचं लक्षण धरतात, आणि व्याप्ती बदलायला आधी परवानगी लागते. मागच्या तारखेचं पत्र बनवायचा मोह होतो, मला पण दोनदा "सर जरा अ‍ॅडजस्ट करा ना" झालेलं आहे. नाही करायचं.

प्रपोजलमध्ये कुत्रा, डुक्कर, माकड असं मोठं काही असेल तर नुसत्या आयएईसीवर काम भागत नाही, आयएईसीच्या शिफारशीने ते सीसीएसईएकडे जातं (प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्राची कमिटी, तीच आपली जुनी सीपीसीएसईए, १९६० च्या कायद्यातली कमिटी, तोंडात अजून जुनंच नाव येतं). आणि प्रयोगाचा एखादा भाग को-पीआयच्या (सोबतचा संशोधक) संस्थेत होणार असेल तर तिथल्या आयएईसीची मंजुरी वेगळी मागा, आपली तिथे लागू होत नाही.

शीट भरायला पीआयला एकट्याला बसवू नका, त्याला स्वतःचं प्रपोजल पाठ असतं त्यामुळे नसलेलं पण दिसतं. जेआरएफला (प्रकल्पावरचा ज्युनिअर रिसर्च फेलो) सोबत घ्या, सुई त्याच्याच हातात असणार आहे. आमच्या एका जेआरएफ मुलीने पाच मिनिटांत सांगितलं की सर प्रोटोकॉलमध्ये भूल केटामाइन-झायलाझीनने लिहिलीय पण लॅबमध्ये आपण आयसोफ्लुरेन वापरतो. तीन सह्यांच्या नजरेतून ते सुटलेलं होतं.

झालं की सही, तारीख, पीडीएफ, आणि ग्रँटच्या फाईलमध्ये एक, आयएईसीच्या फाईलमध्ये एक. दरवर्षी प्रोग्रेस रिपोर्ट पाठवायच्या आठवड्यात तीच शीट पुन्हा उघडायची आणि एक रकाना वाढवायचा, प्रत्यक्षात किती वापरले, आणि तो आकडा अ‍ॅनिमल हाऊसच्या रजिस्टरवरूनच घ्यायचा, पीआयच्या आठवणीतून नाही.