लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं ऑइल बदलताय? या चुका टाळा

मागच्या एक्सलचं ऑइल बदललं, गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच यू-टर्नला मागून कडकड, थरथर. सरळ रस्त्यावर मात्र सगळं शांत. अशा वेळी लगेच डिफरन्शियल खोलायला घेऊ नका. बहुतेक वेळा दोष ऑइलचाच निघतो.

वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं, त्यामुळे क्लच प्लेटवाल्या एलएसडीत (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल: एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) प्लेटा एकमेकींवर घसरायलाच लागतात. साधं जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा) ऑइल क्राउन-पिनियनचे, म्हणजे एक्सलच्या मुख्य गिअरांचे दात सांभाळतं, पण त्यात प्लेटा सुरळीत न घसरता अडकत-सुटत राहतात. कडकड येते ती तिथून. त्यावर उपाय म्हणजे फ्रिक्शन मॉडिफायर, प्लेटा सुरळीत घसराव्यात म्हणून ऑइलमध्ये घालायचं द्रव्य.

इथेच मोठी चूक होते: बाटली आणली आणि अख्खी ओतली. बऱ्याच ऑइलमध्ये मॉडिफायर आधीच असतो, म्हणून डब्यावर ‘एलएस’ किंवा ‘लिमिटेड स्लिप’ लिहिलंय का ते आधी वाचा. मॉडिफायर जास्त झाला तर प्लेटांची पकडच जाते. चिखलात एक चाक गरगर फिरतं, दुसरं जागचं हलत नाही. मग एलएसडी असून नसल्यासारखी. जास्त पडलेला मॉडिफायर काढायचा तर ऑइलच काढावं लागतं. त्यामुळे थोडा घाला, मोकळ्या जागेत हळूहळू इंग्रजी आठच्या आकाराच्या दहा-बारा फेऱ्या मारा, म्हणजे ऑइल प्लेटांमध्ये शिरेल. आवाज राहिलाच तर आणखी थोडा.

टॉर्सनसारख्या गिअरवाल्या एलएसडीत प्लेटा नसतात. तिचं काम गिअरांच्या घर्षणावरच चालतं, म्हणून तिथे मॉडिफायर सहसा लागत नाही. आपल्या एक्सलमध्ये नेमकं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

ऑइलची ग्रेड, म्हणजे जाडीचा आकडा, हीही मॅन्युअलमधलीच घ्या. ९० चा आकडा बघून ‘फार जाड’ म्हणू नका. गिअर ऑइलचं मोजमाप वेगळं, ते ९० इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपास येतं. उरलेलं जीएल-५ मात्र जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये खपवू नका, गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात.

आणि ड्रेन प्लगच्या (ऑइल काढायच्या) आधी फिलर प्लग (ऑइल भरायचा) सोडवा. मी एकदा उलटं केलं: ऑइल खाली, फिलर गंजून जाम, गाडी दिवसभर स्टँडवर.

एवढं करूनही कडकड थांबली नाही आणि काढलेल्या ऑइलला जळका वास असेल, तर आता प्लेटाच तपासायच्या.